पेपर होईपर्यंत

रेवा, ईशान, हे मी तुम्हाला फोनवरही सांगू शकले असते. पण फोनवर हल्ली माझा आवाज सरळ राहत नाही, आणि वाक्य अर्धं सोडायची मला सवय नाही. म्हणून लिहिते आहे. रेवा, तुला मराठी अक्षरं जोडून वाचता येतात, तेव्हा तू सावकाश वाच. ईशानला आईनं वाचून दाखवावं. वाचताना ती मध्येच थांबली, तर तिला थांबू द्या. का थांबली ते पुढे कळेल.

आमच्याकडे सध्या परीक्षांचे दिवस आहेत. सकाळी आठच्या सुमाराला गल्लीतली मुलं बाहेर पडतात. काखेत पुठ्ठ्याचं पॅड, हातात पारदर्शक पाऊच, आणि फाटकाशी आई.

"ॲडमिट कार्ड घेतलं?"

"हो."

"पाण्याची बाटली?"

"हो ना, मम्मी."

"आधी पेपर पूरा वाच, मग लिहायला घे."

स्कूटी सुरू होते. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी आई फाटकाशी उभीच असते. मग पलीकडच्या कापडाच्या लूमची खटखट तेवढी ऐकू येते आणि ती आत जाते.

फाल्गुन संपत आला आहे. अंगणातला कडुनिंब दिवसभर पानं गाळतो; मी दोनदा झाडते आणि तिसऱ्यांदा झाडायची इच्छा आवरते. दुपारी कोरडा वारा सुटतो. गावाबाहेर केळीच्या बागांत हा वारा शिरला की मोठी पानं शिरेपर्यंत चिरत जातात आणि त्यांच्या झिरमिळ्या होतात. त्याचा आवाज कुणी शांतपणे कागद फाडत बसल्यासारखा येतो. तुम्ही परदेशातून इकडे नेहमी डिसेंबरात येता, त्यामुळे तुम्ही तो ऐकलेला नाही. मला तो ऐकला की एकच फाल्गुन आठवतो. तुमची आई बारावीत होती, तो.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आम्ही तिला वंदू म्हणायचो. सडपातळ, हट्टी, केसांना तेल लावू न देणारी. आज रेवा फोनवर मान जशी तिरकी करते, अगदी तशीच करायची. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. इंदूरला राहून एम.ए. केलेलं, त्याचा मला थोडा ताठाही होता. माझ्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या असत आणि भिंतीवर पट्टीनं आखलेलं वेळापत्रक. पाच ते सात गणित, सात ते साडेसात दूध आणि आंघोळ. टीव्हीवर मी चादर घालून तिला चारी कोपऱ्यांनी पिना लावल्या होत्या. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, त्याला ताप आलाय का? एवढं पांघरूण?" वंदू हसली आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. माझ्याकडे बघून गप्प होणं तिला तेव्हाच जमायला लागलं होतं. मला ते शिस्तीचं लक्षण वाटायचं.

तुमच्या आजोबांचे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, देडतलाईला शेतावर राहायचे. केळी आणि कापूस. त्यांना सगळे आबा म्हणत. वंदू त्यांची फार लाडकी होती. ती पहिलीत असल्यापासून एक रिवाज होता. तिची परीक्षा सुरू झाली की आबा देडतलाईच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती केळ्यांची एक फणी पाठवत. आपल्या बागेतली, घरीच गव्हाच्या भुश्यात पिकवलेली, सालीवर बारीक काळे ठिपके आलेली. केळीच्याच खोडाच्या वाळक्या पट्टीनं बांधलेली. फोनवर ते नेहमी एकच प्रश्न विचारत, "काय वं पोरी, किती पेपर राह्यले?" ती सांगायची. मग ते म्हणत, "डोकं गरम झालं त केळं खाय. अभ्यास कुठं पळून नाही जात."

त्या वर्षी फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी आबा गेले. सकाळी बागेत पाणी फिरवायला गेले, दमल्यासारखे झाले, बांधावर बसले ते उठलेच नाहीत. देडतलाईच्या किराणा दुकानातून माझ्या धाकट्या दिरांचा, वसंतभावजींचा फोन आला. वंदू तेव्हा केंद्रात पेपर लिहीत होती. मी गवारीच्या शेंगा मोडत होते. अर्ध्या मोडून झाल्या होत्या.

"वहिनी, आबा गेले," ते म्हणाले. मागे बायकांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "दादाला अन् वंदूला घेऊन निघा. आम्ही थांबतो. चार-पाच वाजले तरी चालन. तिला तोंड पाहू द्या."

मी म्हणाले, "थांबू नका, भावजी. तिचा केमिस्ट्रीचा पेपर आहे."

मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिते आहे. ते मी कुणाच्या दडपणाखाली म्हटलं नव्हतं. घाबरूनही नाही. मी घड्याळाकडे बघितलं, तिचे उरलेले तीन पेपर मनात मोजले आणि म्हटलं.

तुमच्या आजोबांना ऑफिसातून बोलावून घेतलं. ते दारातच उभे राहिले, चपला न काढता. "वंदू?" त्यांनी एवढंच विचारलं.

"पेपर होईपर्यंत सांगायचं नाही."

"ती आबांची आहे गं."

"म्हणूनच."

ते गेले. मी गेले नाही. सून असून सासऱ्यांच्या शेवटच्या दर्शनाला मी गेले नाही, कारण पेपर देऊन आलेल्या मुलीला दार उघडायला कुणीतरी हवं होतं. गावानं त्यावर बोलायचं ते बोलून घेतलं. साडेबाराला वंदू आली, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "आई, पेपर लंबा होता, पण झाला. बाबांची गाडी नाहीये?"

"देडतलाईला गेलेत. केळी कापायला आली."

"ती तर पुढच्या आठवड्यात होती. आबांनीच सांगितलं मला."

"लवकर आली," मी म्हणाले आणि तिच्या पानात भात वाढला.

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस देवाला हात लावत नाहीत, दिवा लावत नाहीत, गोडधोड करत नाहीत, वरणाला फोडणीसुद्धा घालत नाहीत. त्याला सुतक म्हणतात. मी शिकलेली बाई. वर्गात मुलींना सांगायची की डोळे मिटून काही मानू नका. पण आबांचं सुतक मोडायची माझी छाती झाली नाही. मरण लपवलं आणि सुतक पाळलं. या दोन गोष्टी एका घरात एकत्र राहू शकत नाहीत, हे मला दिसलं नाही. मी बिनफोडणीचं वरण वाढत होते आणि वर सांगत होते, "परीक्षेत पोट हलकं ठेवावं."

केमिस्ट्रीच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन आली. पहिलीपासूनचा नेम होता: देवासमोर दिवा, नमस्कार, मग तळहातावर दहीसाखर. ती देवघराकडे वळली. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला एक कोनाडाच. दिव्यात तेल नव्हतं, वात नव्हती. तिनं हात पुढे केला आणि मी म्हणाले, "राहू दे, उशीर होतोय. आल्यावर कर नमस्कार."

उशीर होत नव्हता. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे वीस मिनिटं हातात होती, आणि ते वेळापत्रक तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दही तिच्या हातावर घातलं. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच लावून टाकलं. तिनं नुसतं आंबट दही खाल्लं, हात धुतला आणि म्हणाली, "येते."

तेरा दिवस मी रोज खोटं बोलले आणि तेही नीट आखून. फोन वाजला की तो मीच उचलायचा. भेटायला येणाऱ्यांनी देडतलाईला जायचं, इकडे नाही. तुमचे आजोबा तिसऱ्या दिवशी परतले. वसंतभावजींनी डोक्यावरचे केस काढले होते. आजोबांनी, मोठा मुलगा असून, काढले नाहीत. काढले असते तर वंदूला दारातच कळलं असतं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "बापापेक्षा पेपर मोठा का रे?" ते मला त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा घरी येऊन ते आरशासमोर उभे राहिले, भांग पाडला, आणि वंदूच्या खोलीत जाऊन म्हणाले, "काय साहेब, कुठवर आलं?"

एकदा शेजारच्या भाभी दाराशी आल्या. वंदू आत वाचत होती. "भाभीजी, सुना कि आपके ससुरजी..." एवढं त्यांच्या तोंडून आलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "हाँ हाँ, हमारे यहाँ भी नल नहीं आया!" त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आत पान उलटल्याचा आवाज आला नाही. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

होळी आली आणि गेली. घरोघरी पुरणाचा वास होता, आमच्याकडे नव्हता. वंदूनं विचारलं नाही. तिच्या मैत्रिणी रंग घेऊन आल्या, तर तीच त्यांना म्हणाली, "नको, माझा पेपर आहे." मला हायसं वाटलं. मूल विचारत नाही याचं मला तेव्हा हायसं वाटत असे.

आणि केळी. देडतलाईची बस यायची, कंडक्टरचे हात रिकामे. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी इतवाऱ्याच्या बाजारात गेले, एक फणी विकत घेतली, दुकानदाराच्याच सुतळीनं बांधून घेतली आणि टेबलावर ठेवली. "आबांनी पाठवली," मी म्हणाले. ती केळी एकसारखी पिवळीधमक होती, कोल्ड स्टोअरेजमध्ये पिकवलेली, एकही ठिपका नसलेली. तिनं सुतळीची गाठ सोडली. एक केळं सोललं. माझ्यासमोर उभं राहून ते पूर्ण खाल्लं. साल कचऱ्यात टाकली.

"गोड आहे?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

शेवटचा पेपर आबांच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी होता. मी ठरवलं होतं: ती येईल, पाणी देईन, पाच मिनिटं बसू देईन, मग सांगेन. तुमचे आजोबा सकाळी तिला केंद्रावर सोडून थेट न्हाव्याकडे गेले. घरी आले तेव्हा डोकं कोरं होतं आणि कानांमागची कातडी लहान मुलासारखी पांढरी दिसत होती. ते ओट्यावर बसून राहिले. ऊन चढलं तरी हलले नाहीत.

वंदू आली. सायकल लावली. वडिलांच्या डोक्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं.

"बाबा, टोपी घाला, ऊन लागेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "सुतक संपलं ना, आई? आता दिवा लावू?"

पेला मी कुठे ठेवला आठवत नाही. ती आत गेली, वात केली, तेल घातलं. काडी दोनदा विझली. तिसरी पेटली.

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटलं, मोठी झाली माझी मुलगी, समजूतदार झाली. शाळेतही मी हे एक-दोघींना कौतुकानं सांगितलं, आज कबूल करते. ती फर्स्ट डिव्हिजननं पास झाली. मार्कशीट अजून माझ्या फाइलमध्ये आहे, प्लास्टिकच्या कव्हरात.

त्यानंतर तुमच्या आईनं आम्हाला काही सांगितलं नाही. म्हणजे बोलायची, हसायची, सणावाराला यायची. पण इंदूरला होस्टेलमध्ये तिला टायफॉइड झाला ते आम्हाला ती बरी झाल्यावर कळलं. "तुम्हाला उगाच टेन्शन," ती म्हणाली. पहिली नोकरी सुटली ते दुसरी लागल्यावर कळलं. लग्न कुणाशी करायचं हे तिनं ठरवून झाल्यावर सांगितलं; तुमचे बाबा चांगलेच निघाले, तो भाग वेगळा. रेवा, तुझ्या जन्माआधी ती सहा आठवडे अंथरुणाला खिळून होती. ते मला कळलं तेव्हा तू तीन दिवसांची होतीस. मी रागावले. ती म्हणाली, "आई, सगळं नीट झालं ना? मग?" हे बोलणं तिला आपल्याच घरानं शिकवलं होतं. आपल्या घरात वाईट बातमी पार पडल्यावर सांगायची असते.

मागच्या वेळी तुम्ही आला होतात तेव्हा एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ईशान पतंगाच्या मागे होता, रेवा फोनमध्ये. मी सहज म्हणाले, "तेव्हा तुला कधी कळलं गं, आबांचं?"

तिनं मान वर केली नाही. "तू देवाला हात लावू दिला नाहीस तेव्हा."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही दोघं इतकी मेहनत घेत होतात. बाबा रोज भांग पाडून यायचे." एक शेंग सोलून झाली. "पेपर सुटला की मी शनवाऱ्याच्या वेशीकडून, लांबून यायचे. सायकल हातात धरून, चालत. रस्त्यात रडायचे आणि घर यायच्या आधी तोंड धुवायचे. दरवेळी वीस-पंचवीस मिनिटं उशीर. तू म्हणायचीस, पेपर लंबा होता वाटतं. मी हो म्हणायचे."

मी तो उशीर बघितला होता. वेळापत्रकाच्या कडेला पेन्सिलनं लिहूनही ठेवला होता.

"तुम्ही लपवलंत याचा राग नाही आला मला," ती म्हणाली. "सतरा वर्षांची होते. रडलेही असते आणि पेपरही दिला असता. दोन्ही जमलं असतं मला. पण आई, घरात तीन माणसं होती आणि तिघं वेगवेगळ्या खोल्यांत रडत होती. एका खोलीत रडलो असतो तर काय झालं असतं?"

मटार संपले होते. तिनं सालं गोळा केली आणि उठली.

मोठ्यांना वाटतं, मुलांना अंधारात ठेवलं की ती सुरक्षित राहतात. पण मुलं घर वाचत असतात. वरणातली नसलेली फोडणी, रिकामा दिवा, सुतळीची गाठ, सगळं वाचतात. आणि आपण सांगत नाही असं दिसलं की आपल्या सोयीसाठी न वाचल्यासारखं करतात. ईशान, तू गेल्या महिन्यात फोनवर मला म्हणालास, "आजी, आई 'काही नाही' म्हणते तेव्हा काहीतरी असतं." मी हसण्यावारी नेलं. चुकले.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते.

तुमच्या आजोबांना खोकला झालेला नाही. तुम्हाला तसं सांगितलं आहे, पण खरं ते नाही. संक्रांतीनंतर त्यांना इंदूरला नेलं होतं. फुप्फुसांचा कॅन्सर आहे आणि तो पसरला आहे. तिथल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही दिवस औषधं देऊन पाहिली आणि आम्हाला घरी पाठवलं. त्यांनी मुदत सांगितली नाही, मी विचारली. ते म्हणाले, "माँजी, जितना साथ बैठ सको, बैठो." मी कॅलेंडर बघणारी बाई आहे, मला एवढं कळलं की मे महिना लांब आहे.

तुमच्या आईला आम्ही लगेच सांगितलं. एवढं तरी शिकले. ती म्हणाली, "मी तिकीट बघते. पण आई, मुलांना आत्ता नको. रेवाची मेमध्ये मोठी परीक्षा आहे. पेपर होईपर्यंत..."

तिथेच ती थांबली. दोन्हीकडे फोन चालू होता. मला इकडच्या लूमची खटखट ऐकू येत होती, तिकडे तिच्या श्वासाचा आवाज.

फोन स्पीकरवर होता. पलंगावरून तुमचे आजोबा म्हणाले, "तिला म्हणावं, पोरीचा पेपर मेमध्ये आहे. माझा आधी आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर त्यांना खोकला आला. वंदूनं फोन ठेवला.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. तीनच शब्द. "तूच लिही, आई."

तिला दोष देऊ नका. तुम्हाला जपायला तिच्याकडे तेवढा एकच रस्ता होता, आणि तो मी आखून दिलेला होता. हे वाचून झाल्यावर तिच्याजवळ बसा. रडू आलं तर तिथेच रडा, आपापल्या खोल्यांत जाऊ नका. रेवा, रडून झाल्यावर अभ्यासाला बस. दोन्ही जमतं; तुझ्या आईनं मला सांगितलं आहे.

इथलं सांगते. आजोबा आता उठत नाहीत. डोक्यावरचे केस औषधांनी गेले, ते हात फिरवून म्हणतात, "आबांना तेव्हा उशिरा दिले होते, हे त्याचं व्याज." जेवण दोन चमचे वरण. गेल्या आठवड्यात केळं मागितलं. देडतलाईला वसंतभावजींचा मुलगा शेती करतो, त्यानं बसनं एक फणी पाठवली, वाळक्या पट्टीनं बांधलेली, ठिपके आलेली. त्यांनी एक घास खाल्ला. बाकीची मी आणि भाभींनी संपवली.

सकाळी त्यांना ग्लानी असते. रात्री धाप लागते. दुपारचं ऊन उतरलं की थोडा वेळ डोळे स्वच्छ होतात आणि ते विचारतात, "रेवाचे किती पेपर राहिले? ईशानचा पतंग उडाला का तिकडे?" मी सांगते, तुम्हीच विचारा.

चार ते पाच, तेवढा वेळ त्यांचा आवाज असतो. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा-साडेअकरा. शनिवारी तुम्ही दोघं घरी असता. फोन मी त्यांच्या उशाशी ठेवला आहे, चार्ज करून. देवाजवळ दिवा लावलेला आहे.